पावसाच्या गावाहून बर्फाच्या गावी: पहिल्या हिवाळ्याची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली मुलं-मुली परदेशी शिकायला निघतात ती बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरात. तिथे उतरतात तेव्हा ऊन असतं, झाडं हिरवी असतात, आणि बॅगेतला स्वेटर बघून 'उगीच आणला' असं वाटतं. मग नोव्हेंबर येतो. बफेलो, टोरांटो, बॉस्टन, माँट्रियल, म्युनिक असल्या गावी ज्यांना पहिला हिवाळा काढायचाय, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपण काही कोरड्या मुलखातले नाही. कणकुंबी-जांबोटीकडे जुलैत एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर कुणी कुणाला फोन करून सांगत नाही. तेवढंच पाणी बर्फ होऊन पडलं तर साधारण एक मीटरचा थर साचतो. ढोबळ हिशेब असा की दहा सेंटिमीटर ताजा बर्फ म्हणजे एक सेंटिमीटर पाणी. तेव्हा आभाळातून किती पडू शकतं याचा अंदाज आपल्याला आहे. रस्ता बंद होणं, लाइट जाणं, चार दिवसांचा शिधा भरून ठेवणं हेही अंगवळणी आहे. पण पावसाळ्याने लावलेल्या काही सवयी बर्फात कामाला येतात आणि काही जिवावर बेततात. कुठली सवय ठेवायची आणि कुठली बेळगावातच सोडून जायची, हे या लेखात सांगायचंय.

निघण्याआधी, बेळगावात

जाड जॅकेट इथून घेऊ नका. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर आला की 'काय थंडी पडल्या ओ' म्हणून आपण कानटोप्या काढतो. इथल्या दुकानांत मिळणारी जॅकेटं त्या थंडीची. उणे वीस अंशांत ती उपयोगाची नाहीत आणि बॅगेतलं वजन मात्र खातात. जॅकेट आणि बूट तिथे गेल्यावर घ्यायचे, आणि विद्यार्थी असाल तर जुन्या कपड्यांच्या दुकानातून घ्यायला अजिबात लाजू नका. तिथल्या लोकांनी दोन हिवाळे वापरून सोडलेलं जॅकेट आपल्या बाजारातल्या कोऱ्या जॅकेटपेक्षा सरस निघतं.

इथून न्यायचं ते थर्मलचे (अंगालगत घालायचे उबदार कपडे) दोन-तीन जोड, लोकरीचे मोजे मिळाले तर मोजे, माकडटोपी, आणि आज्जीची एखादी लोकरी शाल. माकडटोपीला कुणी हसलं तर हसू दे. उलट्या वाऱ्यात कान, हनुवटी आणि मान एकाच कपड्यात झाकणारी तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही. घोंगडं मात्र राहू द्या. त्याच्या वजनात दुसरं पुष्कळ सामान बसतं.

बेळगावात सोडून जायची पहिली सवय इथेच आली: सुती कपड्यावरचा भरवसा. आपल्या हवेत सुती बनियन सगळ्यात चांगलं, घाम टिपून घेतं. तिथे नेमकं तेच नको असतं. भराभर चालताना, जिने चढताना, बर्फ उपसताना घाम येतो, सुती कपडा तो धरून ठेवतो, आणि तुम्ही थांबलात की तो ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. अंगाला लागून असलेला कपडा लोकरीचा किंवा घाम बाहेर सोडणाऱ्या कृत्रिम धाग्याचा हवा. त्यावर ऊब धरणारा लोकरीचा नाहीतर फ्लीसचा (मऊ, केसाळ कृत्रिम कापडाचा) थर, आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. तीन थरांचा फायदा हा की घाम यायला लागला की एक काढता येतो.

बेळगावात याबद्दल विचारायला हक्काची माणसंही आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात, आणि आसपासच्या कितीतरी गावांत सियाचीन, द्रास, कुपवाडा केलेले निवृत्त सुभेदार-हवालदार आहेत. त्यांच्यापैकी कुणाकडे तासभर बसा. ते जॅकेटबद्दल फारसं बोलत नाहीत, मोज्यांबद्दल बोलतात. मोजे ओले झाले की लगेच बदलायचे, बूट एवढा घट्ट नको की पायात रक्त फिरणार नाही, कोरडा जोड नेहमी जवळ. शहरातल्या हिवाळ्यालाही हे जसंच्या तसं लागू आहे. बूट घ्यायला जाताना जाड मोजे घालून जा, पुढे बोटं हलली पाहिजेत.

बर्फ पडण्याआधीचे आठवडे

घर मिळालं की घरमालकाला किंवा रूमवर आधीपासून असलेल्यांना काही गोष्टी विचारून घ्या. हीटर कुणाच्या ताब्यात आहे, बिल कोण भरतं, बंद पडला तर रात्री कुणाला फोन करायचा, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, आणि दारासमोरचा बर्फ काढायची जबाबदारी कुणाची. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण पुष्कळ शहरांत घरासमोरची पायवाट ठरलेल्या वेळात मोकळी केली नाही तर दंड होतो. जर्मनीत ही जबाबदारी भाडेकरारात लिहून भाडेकरूवर टाकलेली असू शकते. करार वाचा.

मग घरात वर बघा. धुराचा अलार्म आहे का, आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म आहे का? पहिला आपली पोरं लवकर ओळखतात, कारण फोडणी घातली की तो बोंबलतो. मग कुणीतरी खुर्चीवर चढून त्याची बॅटरी काढून ठेवतं आणि घालायची विसरतं. हे करू नका. कढईखाली आच कमी करा, स्वयंपाकघरातला पंखा आधी लावा, मोहरी तडतडायच्या आत झाकण ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो स्वतःच्या खर्चाने आणा. का, ते पुढे येईल.

गाडी असेल तर टायर. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. साधारण सात अंशांखाली साधे टायर कडक व्हायला लागतात आणि रस्त्यावरची पकड सुटते. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच बंधनकारक आहेत. जर्मनीत तारीख ठरलेली नाही, पण रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असताना योग्य टायरशिवाय गाडी काढली तर दंड. पहिल्या हिवाळ्यात गाडीच घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. बसने फिरा, एक हिवाळा रस्ता नुसता बघा.

इशारा वाचायचा कसा

पिवळा, केशरी, लाल हे आपल्याला पावसाळ्याने शिकवलंय. युरोपात आणि आता कॅनडातही रंगांचीच भाषा आहे. जर्मनीत लालच्या वर जांभळाही आहे. अमेरिकेत शब्द वापरतात, त्यातले दोन पक्के करा. 'वॉच' म्हणजे वादळाची शक्यता आहे, तयारीला लागा. 'वॉर्निंग' म्हणजे ते येऊन ठेपलंय किंवा सुरू झालंय, आता बाहेर पडू नका. बाजारहाट वॉचच्या दिवशी करायचा. वॉर्निंगच्या दिवशी दुकानात रांगा असतात, दूध-पाव संपलेला असतो, आणि परतीच्या वाटेवर बर्फ सुरू झालेला असतो.

ब्लिझर्ड (हिमवादळ) हा शब्द बातम्यांत सैल वापरतात, पण त्याची व्याख्या नेमकी आहे आणि तिच्यात गंमत आहे. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या लेखी ताशी ५६ किलोमीटर किंवा जास्त वारा आणि ४०० मीटरपेक्षा कमी दिसणं, असं सलग तीन तास टिकलं की ब्लिझर्ड. किती बर्फ पडला याचा त्यात उल्लेखच नाही. आधीच पडलेला बर्फ वाऱ्याने उडाला तरी ब्लिझर्ड होतं. पावसात आपण 'किती पडला' विचारतो. बर्फात 'वारा किती' हा प्रश्न आधी.

म्हणून ॲपमध्ये तापमानाशेजारी 'विंड चिल' असतं ते बघायचं. वाऱ्यामुळे उघड्या कातडीला किती थंड लागेल ते या आकड्यात सांगितलेलं असतं. कॅनडाच्या हवामान विभागाच्या कोष्टकानुसार विंड चिल उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत. बसथांब्यावर बस उशिरा आली तर तेवढा वेळ सहज जातो. म्हणून थांब्यावर जाऊन बसची वाट बघू नका, बस ॲपमध्ये बघून घरातून निघा.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टेक्सास राज्यात, डॅलस-ह्यूस्टनकडे निघालेल्यांना हे सगळं आपल्यासाठी नाही असं वाटेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये थंडीची लाट आली, वीजपुरवठा कोलमडला, लाखो घरं दिवसेंदिवस अंधारात होती. राज्य सरकारच्या मोजणीत २४६ मृत्यू आहेत. जिथे बर्फ नेहमीचा, तिथली घरं, नळ आणि रस्ते त्याच्या तयारीने बांधलेले असतात. जिथे कधीमधी येतो तिथे तो जास्त नुकसान करून जातो. टेक्साससारख्या ठिकाणी पुढची तयारी निम्मी नव्हे, तेवढीच करायची.

आदल्या दिवशी

किती दिवसांचं सामान भरायचं? सगळीकडे तीन दिवसांचं सांगतात. मी आठवड्याचं सांगेन. १७ जानेवारी २०२० ला कॅनडाच्या सेंट जॉन्स शहरात एका दिवसात ७६ सेंटिमीटर बर्फ पडला, त्या गावातला विक्रम. दारं बर्फात गाडली गेली, सैन्य बोलवावं लागलं, आणि आणीबाणी आठ दिवस चालली. त्या काळात दुकानं बंद होती, मध्येच थोडा वेळ उघडायची. शहर तेच आहे जिथे मोठं विद्यापीठ आहे आणि भारतीय विद्यार्थी जातात.

आठवड्याचं म्हणजे नुसता तांदूळ-डाळ नव्हे. लाइट गेली तर कुकर लावणार कशावर? तिकडे बहुतेक शेगड्या विजेच्या. न शिजवता खाता येईल असं हवं, आणि याबाबतीत आपल्या मुलखाने आपल्यावर उपकार केलेत. कडक भाकरी आठवडे टिकते, शेंगाचटणी टिकते. पोहे भिजवून खाता येतात, चिरमुऱ्यांना तर पाणीही लागत नाही. गोकाकचा करदंट म्हणजे सुका मेवा, डिंक आणि गूळ. जॅकेटच्या खिशात त्याचा तुकडा ठेवला तर अडकल्या वेळी तोच जेवण. कुंद्याचं मात्र निघतानाच बघा, दुधाच्या पदार्थांवर काही देशांत बंदी असते आणि विमानतळावर डबा काढून घेतात.

बाकीची यादी घरच्या पावसाळ्याचीच: टॉर्च, पॉवर बँका भरलेल्या, औषधं, प्यायचं पाणी भरून ठेवलेलं, थोडी रोख रक्कम. मेणबत्त्यांपेक्षा टॉर्च बरा. पांघरुणांच्या ढिगाऱ्यात पेटती मेणबत्ती म्हणजे दुसरं संकट. गाडी रस्त्यावर उभी असेल तर ती हलवा. बर्फ उपसणारी वाहनं फिरायची म्हणून पुष्कळ शहरं रस्त्यावर रात्री गाडी लावायला मनाई करतात आणि न ऐकणाऱ्यांची गाडी उचलून नेतात. ती सोडवायला गेलात तर महिन्याचा किराणा त्यात जातो.

आणि घरी फोन करा. वादळ सुरू झाल्यावर नव्हे, आदल्या दिवशी. 'दोन दिवस नेटवर्क नसलं तर घाबरू नका, मी घरात आहे, खायला आहे.' एवढं सांगितलं तर आई टीव्हीवरची बातमी बघून रात्रभर जागणार नाही.

वादळ चालू असताना

घरात बसायचं. मुख्य सूचना एवढीच आहे, आणि लोक नेमकी हीच पाळत नाहीत.

२०२२ च्या नाताळात अमेरिकेतल्या बफेलोत ब्लिझर्ड सदतीस तास टिकलं. एरी काउंटीत, म्हणजे बफेलोच्या जिल्ह्यात, ४७ माणसं गेली. बर्फाखाली चिरडून नव्हे. कुणी गाडीत अडकून, कुणी रस्त्यावर चालताना, कुणी हीटर बंद पडलेल्या घरात, कुणी बर्फ उपसताना छातीत कळ येऊन. अँब्युलन्स आणि अग्निशमनच्या गाड्याही अडकल्या होत्या, त्यामुळे फोन लागला तरी मदत पोहोचत नव्हती. ते शहर बर्फाला नवखं नाही. महिनाभर आधीच, नोव्हेंबरात, शेजारच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये चार दिवसांत सुमारे २०० सेंटिमीटर बर्फ पडला होता. उबदार एरी सरोवरावरून गार वारा जातो, वाफ उचलतो आणि किनाऱ्यावरच्या अरुंद पट्ट्यात ओततो, त्यामुळे तिथे असे थर पडतात. अरबी समुद्रावरचे ढग कणकुंबीच्या घाटाला अडून जे करतात ते ज्याने पाहिलंय, त्याला एका गावी मीटरभर आणि दहा मैलांवर काहीच नाही हे पटायला जड जात नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरामुळे पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि वाहनांच्या रांगा लागल्या, ते आपण पाहिलंय. पुराच्या पाण्यात गाडी घालायची नाही हे आता आपल्याकडे पोरंही सांगतात. ती सवय सोबत न्या. वादळात 'दहा मिनिटांत जाऊन येतो' हे वाक्य तोंडातून काढू नका, अगदी समोरच्या दुकानापर्यंतसुद्धा. पांढरं आभाळ आणि पांढरी जमीन एक झाली की स्वतःच्या घराचं दार सापडत नाही.

आता सोडून जायची दुसरी सवय, आणि सगळ्यात धोक्याची: ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत काहीतरी पेटवणं. आपल्या घरांना कौलांतून, खिडक्यांच्या फटींतून हवा असते. पूर्वी शेगडी घरात धगधगायची आणि फारसं काही व्हायचं नाही. तिकडची घरं ऊब राखायला हवाबंद असतात. कोळशाची ग्रिल, गॅसचा बाहेरचा स्टोव्ह, जनरेटर, गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी, यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस थकवा समजून आडवा होतो. टेक्सासमध्ये २०२१ साली हेच झालं, घरात ग्रिल पेटवून आणि गॅरेजात गाडी चालू ठेवून कुटुंबंच्या कुटुंबं दवाखान्यात गेली. स्वयंपाकाच्या गॅस ओव्हनचं दार उघडं टाकून घर गरम करणंही त्यातलंच. अलार्म वाजला तर आधी बाहेर, मग फोन.

लाइट गेली तर सगळ्यांनी एका लहान खोलीत या, दाराच्या फटीला टॉवेल लावा, खिडक्यांवर चादरी टांगा, आहेत ते सगळे कपडे अंगावर चढवा. बाहेरच्या भिंतीतल्या नळाला बारीक धार सोडून ठेवा, वाहतं पाणी सहसा गोठत नाही. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवली तर घरातली ऊब नळापर्यंत पोहोचते. गावी सुटीला जाताना हीटर पूर्ण बंद करून पैसे वाचवायचा मोह होतो. तो किमान तेरा अंशांवर चालू ठेवून जा. नळ आत फुटला तर परत आल्यावर छतही उतरलेलं सापडेल, आणि खर्च तुमच्या माथी.

गाडीत अडकलात तर

सांगूनही कुणीतरी गाडीत अडकतोच, म्हणून हे क्रमाने.

१. गाडी सोडून चालत निघू नका. गाडी निवारा आहे, आणि शोधणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.

२. आणीबाणीचा नंबर लावा. अमेरिका-कॅनडात ९११, युरोपात ११२. जागा नेमकी सांगा आणि बॅटरी राखा.

३. इंजिन सुरू करण्याआधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड बर्फाने बंद झालंय का बघा, हाताने मोकळं करा. हे प्रत्येक वेळी करायचं. तोंड बंद असताना इंजिन चालवलं तर धूर आत येतो.

४. तासाला दहा मिनिटं इंजिन आणि हीटर चालवा, वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर खाली ठेवा. मग बंद.

५. हात-पाय हलवत राहा. ॲंटेनाला किंवा आरशाला रंगीत कापड बांधा.

६. करदंट आता खा.

डिकीत आधीपासून फावडं, ब्लँकेट, काच खरवडायचा ब्रश, जंप केबल (उतरलेली बॅटरी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची तार), टॉर्च आणि वाळूची पिशवी हवी. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की वाळू खाली टाकतात. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. काच धुवायचं पाणी साधं नको, न गोठणारं मिळतं ते भरा. निघण्याआधी फक्त समोरच्या काचेत खिडकीएवढी जागा पुसून निघणारे दिसतात. टपावरचा बर्फही उतरवा, नाहीतर ब्रेक मारला की सगळा थर तुमच्याच काचेवर येतो.

फावडं हातात घेण्याआधी

ताज्या बर्फाचं वजन लोकांना कळत नाही, कारण तो हातावर कापसासारखा हलका लागतो. हिशेब करू. दारापुढची वाट तीन मीटर रुंद, दहा मीटर लांब, आणि बर्फ तीस सेंटिमीटर. हलका असेल तरी जवळपास ९०० किलो. ओला, चिकट असेल तर दोन टनांच्या वर. हे सगळं कमरेतून वाकून, गार हवा छातीत घेत, सकाळी उठल्या उठल्या. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि वरून हा भार. दरवर्षी बर्फ उपसताना माणसं हृदयविकाराने जातात. तिशीतल्या मुलांपेक्षा ही सूचना नातवंड सांभाळायला गेलेल्या आई-बाबांसाठी जास्त आहे. शेतात राबलेला माणूस घरात बसवत नाही म्हणून फावडं उचलतो. बाबांच्या हातात फावडं देऊ नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मुळीच नाही.

स्वतः उपसाल तर वादळ संपायची वाट बघू नका, मध्ये वारा उतरला की दहा-पंधरा सेंटिमीटरचा थर काढत जा. उचलण्यापेक्षा ढकला. गुडघ्यात वाका. आणि फाटकापाशी नगरपालिकेच्या गाडीने जाता जाता लावलेला कडक बांध असेल, तो शेवटी. सगळ्यात जड तोच. मीठ टाकायचं ते उपसून झाल्यावर. साधं मीठ उणे दहाच्या खाली फारसं काम करत नाही, तेव्हा वाळू टाका, निदान पाय घसरणार नाही.

चालणं

पांढरा बर्फ त्या मानाने बरा, पाय रुततो. खरा घात करतो तो ब्लॅक आइस. दिवसा वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर काचेसारखं गोठतं आणि पहाटे ओला डांबरी रस्ता आहे असं भासतं. लहान पावलं, गुडघे किंचित वाकलेले, हात खिशाबाहेर. खिशात हात घालून पडणारा तोंडावर पडतो. गोठलेल्या तळ्यावर फोटोसाठी जायचा मोह सगळ्यांना होतो. चालण्यासाठी किमान दहा सेंटिमीटर सलग, स्वच्छ बर्फ लागतो असं मानतात, आणि तो आहे का हे आपल्याला वरून कळत नाही. गावातली माणसं तिथे चालत नसतील तर आपणही नाही.

अंग गार पडलं तर

आधी कापरं भरतं. तोवर ठीक आहे, आत चला, कोरडे कपडे घाला, गरम गोड चहा घ्या. कापरं थांबलं आणि माणूस अडखळायला, असंबद्ध बोलायला, झोपाळू व्हायला लागला तर शरीराचं आतलं तापमान पस्तीस अंशांच्या खाली गेलेलं असू शकतं. लगेच मदत बोलवा. ओले कपडे काढा, छाती-मान-डोकं आधी उबेत आणा, हातपाय चोळत बसू नका. 'एक पेग लाव, गरम वाटेल' हे ऐकू नका. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, गरम वाटतं, आणि आतली ऊब उलट लवकर बाहेर जाते.

बोटं, नाक, कान, गाल हे आधी गोठतात. पुस्तकांत कातडी पांढरी, राखाडी पडते असं असतं. आपल्या सावळ्या कातडीवर तो रंग पटकन दिसत नाही, म्हणून रंगावर जाऊ नका. जागा बधिर झाली, मेणासारखी टणक लागली की समजा. चोळायचं नाही. बर्फ लावायचा नाही. गोठलेला भाग हीटरवर धरायचा नाही, कारण बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. कोमट पाण्यात बुडवा, कोपराला सोसेल इतपतच गरम. पुन्हा थंडीत जायचं असेल तर तेवढ्यापुरतं शेकू नका, शेकून परत गोठलं की इजा वाढते. फोड आले तर डॉक्टर.

रोजची किरकोळ पीडा वेगळी. हीटरच्या कोरड्या हवेने ओठ फाटतात, नाकातून रक्त येतं, टाचा उलतात. व्हॅसलीन आणि खोलीत पाण्याचं भांडं. खोबरेल तेल बाटलीत दगड होतं, ते हीटरच्या फार जवळ ठेवू नका, प्लॅस्टिक वितळतं. दुपारी साडेचारला अंधार पडतो, त्याने मन उदास होतं. ते नाटक नाही, सूर्यप्रकाश कमी मिळाल्याचा परिणाम आहे. दुपारी अर्धा तास बाहेर चाला, ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा, रविवारी कुणाकडे तरी जेवायला जा.

बेळगावात बसलेल्यांसाठी

घरच्यांच्या डोक्यात बर्फ म्हणजे सियाचीन. फेब्रुवारी २०१६ मध्ये धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद हिमस्खलनात गाडले गेले, सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि पुढे दिल्लीच्या इस्पितळात वारले. आपल्या भागात ती बातमी कुणी विसरलेलं नाही. हिमस्खलन डोंगरउतारावर होतं. टोरांटो किंवा बफेलो सपाटीवर आहे, तिथे तो धोका नाही. तेव्हा मुलाला फोनवर 'बर्फात गाडला जाऊ नकोस' सांगण्यापेक्षा 'आज गाडी काढू नकोस' सांगा. 'जेवलास का' विचारताच आहात, त्याला जोडून 'अलार्म चालू आहे का' हेही विचारा. आणि वादळात फोन लागला नाही तर वारंवार लावू नका, त्याची बॅटरी संपते. एक मेसेज टाकून ठेवा.

वितळताना

मार्चमध्ये छतांवरून बर्फाचे सुळे सुटतात, भिंतीला लागून चालू नका. तळघरातल्या खोलीत राहत असाल तर वितळलेलं पाणी कुठून येतं ते बघा आणि बॅगा जमिनीवरून उचला. हे आपल्याला शिकवायला नको. तळ्यावरचा बर्फ याच दिवसांत फसवतो.

पण हिवाळा संपला असं इतक्यात धरू नका. चोवीस तासांत सर्वाधिक बर्फाचा अमेरिकेतला विक्रम कोलोराडोतल्या सिल्व्हर लेकच्या नावावर आहे, १९३ सेंटिमीटर, आणि तारीख आहे १४-१५ एप्रिल १९२१. बॉस्टनला २०१४-१५ च्या हिवाळ्यात २८१ सेंटिमीटर बर्फ पडला, तोही विक्रम. शहराने उचलून एका जागी टाकलेला ढीग पूर्ण वितळायला १४ जुलै उजाडला. जॅकेट मेपर्यंत खुंटीवरच राहू द्या. बुटांवर मिठाचे पांढरे डाग पडलेले असतील, ते पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडक्याने पुसा, आणि बूट हीटरपासून लांब, आत वर्तमानपत्र कोंबून वाळवा.